जर्मनीच्या स्टेशनवर आपली गाडी नेमकी कोणती हे कसं ओळखायचं

आमच्या गल्लीतल्या एक काकू पुढच्या महिन्यात लेकीकडं चालल्यात, जर्मनीत कार्ल्सरूहला. लेकीला सुट्टी नाही म्हणून फ्रँकफर्टला विमानातून उतरायचं आणि पुढं एकटीनं रेल्वेनं जायचं असं ठरलंय. विमानाचं काकूंना काही नाही वाटत, भीती आहे ती स्टेशनची. मला म्हणल्या, "बाबा, परभणीला कसं, भोंग्यात तपोवन म्हणलं की उठायचं आन् बसायचं, चुकलं तर बाजूचाच सांगतोय काकू ही तपोवन नाही, देवगिरी आहे. तिकडं मी कुणाला विचारू?" त्यांना व्हॉट्सॲपवर तुकड्या तुकड्यानं सांगत होतो, सात-आठ व्हॉइस नोट झाल्या, मग म्हणलं एकदाच लिहून काढावं, कारण आता लातूर नांदेड जालन्याकडची लई पोरं तिकडं शिकायला नाहीतर नोकरीला आहेत आणि त्यांच्या मागं आई-बाप चालले आहेत, सगळ्यांनाच लागतंय हे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याकडं गाडीला नाव असतंय. नंदिग्राम चार तास लेट असली तरी ती नंदिग्रामच, आली की बसलो. परभणीला एका प्लॅटफॉर्मवर एक गाडी येऊन गेली की पुढची यायला बराच वेळ असतो, त्यामुळं चुकायचं म्हणलं तरी चुकता येत नाही. तिकडं नावबिव काही नाही, गाडी म्हणजे टाइम आणि एक नंबर. आणि मोठ्या स्टेशनवर एकाच प्लॅटफॉर्मवर दर पाच-दहा मिनिटाला वेगळी गाडी, लांबच्या सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना तोच लाल पट्टा, दोन-चार मिनिटं थांबणार आणि जाणार. म्हणून "गाडी आली" आणि "आपली गाडी आली" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझंच सांगतो. जर्मनीतल्या पहिल्या वर्षी एका मोठ्या स्टेशनवर (नाव कशाला काढता) माझी गाडी १४:३२ ची होती. मी वीस मिनिटं आधीच जाऊन उभा, आपली सवयच ती. १४:३० ला गाडी आली, प्लॅटफॉर्म तोच, रंग तोच, टाइम पण जवळपास तोच, म्हणलं वा काय टायमिंग आहे ह्या लोकांचं, आणि बसलो, बॅग वर टाकली, शेंगदाण्याचा लाडू काढला. ती माझी गाडी नव्हतीच. ती आधीची कुठलीतरी लेट झालेली गाडी होती आणि माझी तिच्या मागं उभी होती. टीसी आला तेव्हा कळलं की मी बरोबर उलट्या दिशेला चाललोय आणि पुढचं स्टेशन चाळीस मिनिटांनी आहे. त्यानं तिकीट बघितलं, माझ्याकडं बघितलं, लाडवाकडं बघितलं, आणि परत कसं यायचं ते नीट समजावून सांगितलं. परतीचं तिकीट मात्र खिशातनं काढावं लागलं, चूक माझी होती.

तर आता कामाचं. काकूंचाच प्रवास धरून चालू म्हणजे समजायला सोपं जाईल.

फ्रँकफर्ट विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत, इथंच अर्धे लोक गोंधळतात. एक टर्मिनल एकच्या खाली, ते लोकलचं आणि जवळच्या गाड्यांचं, त्याला रेगिओनालबानहोफ म्हणतात, प्लॅटफॉर्म १ ते ३. दुसरं जरा पुढं, पुलावरून चालत जायचं, ते लांबच्या गाड्यांचं, फेर्नबानहोफ, प्लॅटफॉर्म ४ ते ७. 'फेर्न' म्हणजे लांब. काकूंची गाडी आयसीई म्हणजे वेगवान लांब पल्ल्याची, त्यामुळं त्यांनी फेर्नबानहोफची पाटी धरायची. लोकलच्या स्टेशनात जाऊन आयसीई शोधत बसलं तर संध्याकाळपर्यंत सापडणार नाही.

प्लॅटफॉर्मला तिकडं ग्लाइस म्हणतात. हा एक शब्द पाठ करा, बाकी नाही केलं तरी चालेल. खरं म्हणजे ग्लाइस म्हणजे रूळ, आपल्यासारखंच फलाटाच्या ह्या बाजूला ६ आणि त्या बाजूला ७ असं असतंय. म्हणजे योग्य जिना चढलात, योग्य फलाटावर आलात, तरी तोंड कुठल्या बाजूला करून उभं राहायचं हा प्रश्न राहतोच. वर लटकवलेली पाटी बघायची आणि तिच्या बाजूचा रूळ आपला.

आता मोठा बोर्ड. त्याच्यावर टाइम, गाडीचा नंबर, मधली काही स्टेशनं, शेवटचं स्टेशन आणि ग्लाइस एवढं असतंय. काकू तिथं कार्ल्सरूह हे नाव शोधणार आणि मोठ्या अक्षरात ते दिसणारच नाही, कारण ती गाडी बहुतेक वेळा पुढं स्वित्झर्लंडला जाते आणि बोर्डावर लिहिलेलं असतंय बाझेल. मुंबईला परभणीसाठी आपण नांदेडची पाटी बघून बसतो की नाही, तसंच. म्हणून घरूनच लेकीला विचारून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: सुटायचा टाइम, गाडीचा नंबर, आणि गाडीचं शेवटचं स्टेशन. आपलं उतरायचं स्टेशन तर आपल्याला माहितीच असतंय. चिठ्ठीवर ते जर्मन स्पेलिंगमध्येच लिहून घ्या, देवनागरीत लिहिलं की बोर्डाशी जुळवता येत नाही. मोबाइलमध्ये असलं तरी चिठ्ठी ठेवा, विमानातून उतरल्यावर बॅटरी आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो.

टाइम चोवीस तासांचा असतो, ते आपल्या रेल्वेमुळं आपल्याला येतंच. पण कुणाला तोंडी विचारलं तर एक गंमत आहे. अडीचला ते लोक "हाल्ब द्राय" म्हणतात, शब्दाला शब्द लावला तर "अर्धा तीन". आपला माणूस त्याचा अर्थ साडेतीन लावतो आणि गाडी जाते. खरं तर आपला अडीच शब्द पण तसलाच आहे, जुन्या 'अर्धतृतीय'पासून आलेला, म्हणजे तिसरा अर्धा. आपण विसरलो, ते अजून म्हणतात. आकड्यांचं पण तेच, ते एकवीसला एक-आणि-वीस म्हणतात, पस्तीसला पाच-आणि-तीस. इंग्रजीवाले ह्याच्यात लई गोंधळतात, आपल्याला सोपं, आपलं एकवीस-बावीस आधी एकक मग दशक असंच आहे. नीट कान दिला तर अनाउन्समेंटमधला ग्लाइस नंबर मराठी माणसाला लवकर पकडता येतो, हे मी अनुभवानं सांगायलोय.

स्टेशनवर भिंतीला किंवा काचेच्या फळीत मोठे कागद लावलेले असतात, पिवळा आणि पांढरा. पिवळ्यावर 'आबफार्ट' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढऱ्यावर 'आनकुन्फ्ट' म्हणजे येणाऱ्या. आपल्याला पिवळा. पांढऱ्यात बघितलं तर आपण ज्या गावाला चाललो तिथून येणारी गाडी सापडते आणि माणूस खुश होऊन चुकीच्या ठिकाणी उभा राहतो. आणि पिवळा कागद झाला तरी तो छापील आहे, आज काय बदललं ते त्याच्यात नसतंय. आजचं खरं ते डिजिटल बोर्डावर आणि तिथल्या रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपवर. ॲप फुकट आहे, इथूनच टाकून घ्या, भाषा इंग्रजी करून घ्या आणि लेकीला सांगा तिकीट त्याच्यातच टाकून दे. आपण 'व्हेअर इज माय ट्रेन' बघतो तसंच आहे, फक्त ह्याच्यात ग्लाइस बदलला की तेही कळतंय.

बदलतो का? लई वेळा बदलतो. जर्मनीच्या गाड्या घड्याळाला घड्याळ लावून धावतात ही आपल्याकडं पसरलेली अफवा आहे. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, असा त्यांचा हिशोब. म्हणजे आपली मराठवाडा एक्स्प्रेस बघून तिकडं जाणाऱ्याला फार परकं वाटायचं कारण नाही. तीन शब्द बोर्डावर ओळखता आले पाहिजेत. 'फेअरश्पेटुंग' म्हणजे उशीर. 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द. आणि 'ग्लाइसवेक्सेल' म्हणजे प्लॅटफॉर्म बदलला, किंवा 'हॉइटे' म्हणजे 'आज' असं म्हणून पुढं दुसरा नंबर सांगतात. हॉइटे आणि ग्लाइस हे दोन शब्द अनाउन्समेंटमध्ये पाठोपाठ ऐकू आले की गप बसायचं नाही, मान वर करून बोर्ड बघायचा. आजूबाजूचे चार-पाच लोक एकदम बॅगा उचलून पळायलेत असं दिसलं तरी तेच समजा, पण त्यांच्या मागं पळायच्या आधी बोर्ड बघा, ते दुसऱ्याच गाडीसाठी पळत असतील.

आता फलाटावर उभं कुठं राहायचं. फलाट लांब असतात, गाडी दोन-चार मिनिटं थांबते, आणि आपल्यासारखं कुठल्याही डब्यात चढून आतनं चालत जाऊ असं दरवेळी जमत नाही, का ते पुढं सांगतो. फलाटावर ए, बी, सी, डी अशा अक्षरांच्या पाट्या असतात, त्याला आबश्निट म्हणतात. आपल्याकडं कोच इंडिकेटर लागतो ना एस-५, बी-२, तसं समजा, फक्त इथं अक्षर बघायचं. ॲपमध्ये किंवा फलाटावरच्या डिजिटल पाटीवर गाडीचं चित्र येतंय, कुठला डबा कुठल्या अक्षराखाली. तिकिटावर 'वागन' म्हणजे डबा आणि 'प्लाट्झ' किंवा 'झिट्झप्लाट्झ' म्हणजे सीट. डबा २४, डी खाली येणार, तर डी खाली जाऊन उभं राहायचं, बस. कधी कधी गाडी उलटी लागून येते, पुढचे डबे मागं, मग सगळा फलाट इकडून तिकडं धावतो. हे अनाउन्स करतात पण जर्मनमध्ये आणि घाईत, त्यामुळं गाडी यायच्या पाच मिनिटं आधी ते चित्र परत एकदा बघून घ्या.

आणि हां, सीटचं. तिकडं तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नाही, आयसीईत सुद्धा. रिझर्वेशन वेगळं काढावं लागतंय, थोडे पैसे पडतात. पोरं पैसे वाचवायला काढत नाहीत आणि दाराशी बॅगेवर बसून जातात, त्यांना चालतंय. आई-वडलांसाठी मात्र काढाच काढा, डबा नंबर माहिती असला की कुठं उभं राहायचं हा प्रश्नच मिटतो.

आतनं चालत का जाता येत नाही? कारण कित्येक गाड्या म्हणजे दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, तोंडाला तोंड लावून, आणि मधनं रस्ता नसतो. काही वेळा दोन्ही एकाच गावाला जातात, तेव्हा काळजी नाही. पण काही वेळा वाटेत एका स्टेशनवर त्या तुटतात आणि अर्धी एकीकडं, अर्धी दुसरीकडं. बर्लिनहून येणाऱ्या काही आयसीई हाम नावाच्या स्टेशनला तुटतात, एक भाग वुपरटालवरून कोलोनकडं जातो, दुसरा एसेन-ड्युसेलडॉर्फकडं. म्युनिकची एस-१ लोकल नॉयफार्नला तुटते, अर्धी विमानतळाला आणि अर्धी फ्रायझिंगला, आणि विमान पकडायला निघालेला माणूस चुकीच्या अर्ध्यात बसला की झालंच त्याचं. म्हणजे गाडी बरोबर, टाइम बरोबर, ग्लाइस बरोबर, तरी माणूस चुकीच्या गावात. हे आपल्याला सुचतच नाही कारण आपल्या डोक्यात गाडी म्हणजे एक इंजिन आणि मागं डबे.

त्याला उपाय एकच, चढायच्या आधी डब्याच्या बाजूला दाराशेजारची छोटी पाटी वाचायची. तिच्यावर गाडीचा नंबर, डब्याचा नंबर आणि त्या डब्याचं शेवटचं स्टेशन असतंय. चिठ्ठी हातात, पाटी डोळ्यासमोर, नंबर जुळला तर चढा. टाइम जुळला म्हणून नाही, रंग जुळला म्हणून नाही, नंबर जुळला म्हणून. माझ्या त्या लाडवाच्या दिवशी मी एवढं केलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. एकाच ग्लाइसवर दोन वेगळ्या गाड्या मागं-पुढं उभ्या करायची पद्धत पण आहे, अर्ध्या फलाटावर एक आणि अर्ध्यावर दुसरी, तेव्हा बोर्डावर ग्लाइसच्या पुढं 'ए-सी' किंवा 'डी-जी' असं लिहितात. ती अक्षरं सोडू नका.

दार आपोआप उघडत नाही, बटण दाबायचं, हिरवं लागलं की. आणि सुटायच्या टाइमच्या आधीच दारं बंद होतात, १०:५३ ची गाडी म्हणजे १०:५३ ला ती हलणार, तुम्ही १०:५३ ला पळत येऊन दांडा धरून चढाल असं नाही. दांडाच नाही. परभणीत चालत्या गाडीत चढणारे पहिलवान तिकडं फलाटावर हात हलवत राहिलेले मी बघितलेत.

गावाच्या नावाचा पण घोळ आहे. फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचं मोठं, विमानतळाचं, आणि एक ओडर नदीवरचं, पार पोलंडच्या सीमेला. आपलं औरंगाबाद आणि बिहारचं औरंगाबाद होतं तसं. तिकीट ऑनलाइन काढताना नदीचं नाव बघा. आणि एका गावात चार-पाच स्टेशनं असतात, मुख्य स्टेशनाला हाउप्टबानहोफ, पाटीवर एच-बी-एफ अशी तीन अक्षरं. कोलोनला मुख्य स्टेशन नदीच्या ह्या काठाला आणि डॉइत्झ त्या काठाला, काही वेगवान गाड्या डॉइत्झलाच थांबतात. बर्लिनचं मुख्य स्टेशन मजल्यांचं आहे, वर ११ ते १६ आणि खाली १ ते ८, वर उभं राहून खालची गाडी शोधणारे रोज भेटतात. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनात तुम्हाला १०१ ते १०४ असे ग्लाइस दिसले तर घाबरू नका, शंभर प्लॅटफॉर्म नाहीत, ते जमिनीखालच्या लोकलचे नंबर आहेत. तिथून गाडी आल्या दिशेनंच परत निघाली तरी उठू नका, ते स्टेशन शेवटाला बंद आहे, परळीला जसं इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलटी काढतात तसंच, फक्त तिकडं दोन्ही टोकाला ड्रायव्हरची केबिन असते म्हणून कळत पण नाही.

पोरांसाठी एक. डॉइचलांडटिकेट म्हणून महिन्याचा पास आहे, २०२३ ला ४९ युरोला निघाला, २०२५ ला ५८ झाला, २०२६ पासून ६३. त्याच्यावर लोकल, बस, ट्राम, आरई आणि आरबी ह्या जवळच्या गाड्या चालतात, आयसीई, आयसी, ईसी ह्या लांबच्या चालत नाहीत. बोर्डावर आपल्या गावाला जाणारी पहिली गाडी दिसली की पास आहे म्हणून चढू नका, नंबराच्या आधीची अक्षरं बघा. बिनतिकिटाचा दंड ६० युरो आहे. गेट नसतात, कुणी अडवत नाही, म्हणून लोकांना वाटतं कुणी बघत नाही. बघतात.

स्वस्तातलं तिकीट असलं तर ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतंय, आधीच्या-नंतरच्या गाडीत चालत नाही. पण त्यांच्याच उशिरानं तुम्ही २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोहोचणार असं दिसलं तर ते बंधन सुटतं, दुसरी गाडी धरता येते. ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० मिनिटांना ५० टक्के परत मागता येतात, हे काम लेकीवर सोडा.

विचारायला लाजू नका. आपल्याकडं एकाला विचारलं की पाच जण पाच प्लॅटफॉर्म सांगतात, ठाऊक नसलं तरी सांगतात, माणुसकी म्हणून. तिकडं माणूस आधी स्वतः मोबाइल काढून बघणार, मग सांगणार, आणि ठाऊक नसेल तर सरळ नाही म्हणणार, त्याचा राग मानायचा नाही. इंग्रजी येत नसलं तरी चिठ्ठी पुढं धरा, गाडीकडं बोट करा आणि गावाचं नाव प्रश्नासारखं म्हणा, "कार्ल्सरूह?" एवढ्यात सगळं येतंय. चढल्यावर बाजूच्याला परत एकदा विचारा, दार बंद व्हायच्या आत.

आणि चुकीच्या गाडीत बसलोच, तर मध्येच साखळी ओढायची नाही, रडायचं नाही. पुढच्या स्टेशनला उतरायचं, फलाट सोडून लांब जायचं नाही, आणि ग्लाइस नंबर आणि स्टेशनाचं नाव पाटीवरून फोटो काढून लेकीला पाठवायचं. ती तिथनं ॲप बघून पुढची गाडी सांगेल. स्वतः हुशारी करून समोरच्या गाडीत बसलं की आधी अर्धा तास लांब होतात ते दीड तास लांब होतात.

काकूंना शेवटी एवढंच सांगितलं की उतरायच्या दहा मिनिटं आधी लेकीला फोन करा आणि डब्याचा नंबर सांगा. कार्ल्सरूहच्या फलाटावर तुमचा डबा कुठल्या अक्षराखाली थांबणार ते तिला ॲपमध्ये दिसतंय, ती बरोबर त्या पाटीखाली येऊन थांबेल, तुम्ही उतरून कुठंही चालू नका. आणि लोणच्याची बरणी हँडबॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर फ्रँकफर्टपर्यंत पोहोचायच्या आधीच मुंबईला काढून घेतील.